सेन्सर गेला म्हणण्याआधी

मारुती ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं. नगर जिल्ह्यात ही बातमी कुणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. पहाटे पारनेरच्या बाजूने दुधाचे कॅन घेऊन येणारी, दुपारी शाळेची पोरं सोडणारी, शनिवारी शिंगणापूरला भाविक नेणारी आणि लग्नसराईत मांडववाल्याच्या खुर्च्या वाहणारी ओम्नी अजून रस्त्यावर आहे. हिंदी सिनेमाने तिला अपहरणकर्त्यांची गाडी करून ठेवलं, पण त्या सरकत्या दाराचा खरा उपयोग दूधवाल्यालाच झाला. नगरची एमएच-१६ असो की श्रीरामपूरची एमएच-१७, पंधरा वर्षं होत आली की मालक पासिंग पुढे वाढवून घेतो आणि गाडी चालू ठेवतो. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला. बोलताना 'नगर' सुटत नाही, म्हणून लिहितानाही राहू दिलं आहे.)

१९८४ साली ही गाडी 'मारुती व्हॅन' म्हणून आली आणि १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि तेही पुढच्या सीटखाली. या रचनेने मागे जागा भरपूर झाली, पण इंजिनाच्या नशिबी खालून उडणारा चिखल आणि वर कोंडलेली उष्णता आली. कार्ब्युरेटर होता तोवर याचं कुणाला काही वाटलं नाही. २००० नंतरच्या दशकात कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल इंजेक्शन आलं, मागच्या काचेवर 'एमपीआय'ची अक्षरं आली आणि त्याच चिखलात, त्याच उष्णतेत सेन्सर, कपलर आणि बारीक वायरी येऊन बसल्या.

तेव्हापासून गॅरेजमध्ये एक वाक्य रूढ झालं आहे: "सेन्सर गेला असंल." सेन्सर बदलला जातो, दोन दिवस गाडी बरी चालते, मग पुन्हा झटके मारते. मग दुसरा सेन्सर. शेवटी "ईसीएमच गेला" असा निकाल लागतो आणि मालक दहा-बारा वर्षांच्या गाडीवर आता किती खर्च करायचा याचा हिशेब मांडत बसतो. माझं म्हणणं असं की यातले बरेच सेन्सर आणि बरेचसे ईसीएम निर्दोष असतात. दोष त्यांच्यातल्या वाटेवर असतो. ही वाट तपासायला महागडं यंत्र लागत नाही, साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

ईसीएम म्हणजे सील केलेल्या डब्यातला छोटा संगणक. इंजिनात किती हवा शिरते आहे याचा अंदाज तो मॅनिफोल्डमधल्या दाबावरून घेतो. पाणी किती तापलंय, थ्रॉटल किती उघडलाय, क्रँक किंवा कॅम कुठल्या कोनात आहे, धुराड्यात ऑक्सिजन किती उरलाय, हेही त्याला सेन्सर सांगतात. त्यावरून तो इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. गाडी नुसती चालू ठेवली असताना ही वेळ दोन-तीन मिलिसेकंद असते. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे त्याचं लक्ष्य. मात्र यातलं काहीही तो स्वतः पाहत नाही. त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त व्होल्ट. बहुतेक सेन्सरांना तो ५ व्होल्ट पुरवतो आणि त्यातले किती परत आले ते मोजतो.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या. पितळेच्या टोपीत बसवलेला हा थर्मिस्टर. पाणी तापलं की त्याचा रोध उतरतो. २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ४० अंशांना हजार-अकराशे आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास, असा या जातीच्या सेन्सरांचा नेहमीचा आलेख असतो. आता समजा, कपलरच्या पिनेवर हिरवट गंज चढला आणि त्याने स्वतःचा हजार ओहम रोध वाटेत आणून बसवला. इंजिन ८० अंशांना तापलेलं आहे, सेन्सर इमानदारीने तीनशे सांगतो आहे, पण ईसीएमपर्यंत पोचतात तेराशे. तेराशे म्हणजे इंजिन अजून चाळिशीच्या आतच आहे, अशी ईसीएमची समजूत होते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून तो ते देत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, धुराला पेट्रोलचा वास येतो. चेक लाइट मात्र लागत नाही. कारण तेराशे ओहम हा आकडा अशक्य कोटीतला नाही. थंडीतल्या सकाळी इंजिन तापत असताना तो खराच असतो.

पूर्ण मेलेला सेन्सर परवडतो. वायर तुटली तर ईसीएमला भलताच आकडा दिसतो, तो दिवा लावतो, त्या सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि स्वतःकडे ठरवून ठेवलेल्या आकड्यावर अंदाजपंचे गाडी चालवून घरी पोचवतो. त्रास देतो तो अर्धवट जिवंत असलेला जोड. स्कॅनरही इथे फसतो, कारण स्कॅनरच्या पडद्यावर इंजिनाचं खरं तापमान येत नसतं, ईसीएमची समजूत येत असते. हे ज्याला कळलं तो मेकॅनिक स्कॅनरवर '३७ अंश' वाचतो, रेडिएटरच्या पाइपाला हात लावून चटका घेतो आणि कपलर उपसायला जातो.

सेन्सर खरोखर गेलाय का, हे पाहायला तो काढून गॅरेजच्या चहाच्या पातेल्यात टाकता येतो. म्हणजे चहात नव्हे, साध्या पाण्यात. टोपी बुडेल इतकंच पाणी, पिना कोरड्या, मल्टिमीटरची दोन्ही टोकं पिनांना, शेजारी थर्मामीटर आणि खाली मंद आच. पाणी तापत जातं तसा ओहमचा आकडा सरसर खाली यायला हवा. मधेच तो उडी मारून वर गेला किंवा एका जागी अडकला, तर सेन्सर गेला हे नक्की. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे, तेव्हा पाण्याला उकळी ९८ अंशांच्या जवळपासच फुटते. शंभरची वाट बघू नये.

आता वाटेचा दुसरा भाग, अर्थिंग. गाडीच्या विजेची चर्चा नेहमी पॉझिटिव्ह वायरीभोवती फिरते, पण करंट बॅटरीत परत जातो तो बॉडीतून आणि इंजिनच्या लोखंडातून. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्याने ते आणि बॉडी यांच्यात एक जाड पट्टा किंवा केबल लागते. तिचे नटबोल्ट सीटखालच्या ओल्या धुळीत दहा-दहा वर्षं कुणी उघडलेले नसतात. दुधाची गाडी असेल तर विचारूच नका. सांडलेलं दूध, कॅन धुतल्याचं पाणी आणि त्यातली आंबट ओल पत्र्याला खात राहते.

ही तपासणी एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे टर्मिनलवर नव्हे तर मधल्या शिशाच्या खांबावरच. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. दोन्हीही 'अर्थ'च, मग मीटरने शून्य दाखवायला हवं, आणि गाडी बंद असताना दाखवतंही. इथेच बरेच जण "अर्थिंग ओके" म्हणून उठतात. पण करंट वाहत नसताना वाईट जोडही चांगलाच दिसतो. म्हणून मग हेडलाइट लावायचे, पंखा लावायचा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. जोड चांगला असेल तर आकडा पॉइंट एक-दोनच्या वर फारसा जात नाही. पॉइंट आठ किंवा एक व्होल्ट दिसला, तर तेवढे व्होल्ट गंजात अडकताहेत. मग लाल टोक एकेक जोड मागे सरकवत न्यायचं: इंजिन, केबलचं इंजिनाकडचं टोक, बॉडीकडचं टोक, बॅटरीचं टर्मिनल. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथे चोर.

ऑक्सिजन सेन्सरचा सगळा व्यवहार ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये चालतो. साध्या, बॉडीवरूनच अर्थ घेणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत अर्थिंगमध्ये पाव-अर्धा व्होल्ट हरवला, की 'पेट्रोल जास्त' आणि 'पेट्रोल कमी' यातला फरकच पुसला जातो. नवा सेन्सर बसवून उपयोग शून्य. उपाय अगदीच साधा आहे: बोल्ट काढायचा, पत्रा आणि केबलचा लग पॉलिशपेपरने चकाकेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालून कसायचा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवायचा. दुकानातून काही आणायचं नसल्यामुळेच बहुधा हा उपाय मागे पडतो. अर्ध्या तासाच्या अर्थिंगचे पैसे मागायला मिस्त्रीला संकोच वाटतो, आणि द्यायला गिऱ्हाइकाला जिवावर येतं. डब्यातल्या नव्या सेन्सरचे मात्र दोघांनाही पटतात.

तिसरं कारण चार पायांचं आहे. नगर हा उसाचा जिल्हा. ऊस तुटला की शेतातले उंदीर वस्तीकडे वळतात आणि रात्री गरम इंजिनाजवळ ऊब धरतात. कुरतडलेली वायर सापडली की तिला पीळ मारून काळी टेप गुंडाळणं हा सर्वमान्य रिवाज. हेडलाइटच्या वायरीला तो कदाचित चालेल. सेन्सरच्या वायरीत मात्र वर सांगितल्यासारखा हजार ओहम असल्या पिळातूनही जन्माला येतो. तिथे डाख देऊन उष्णतेने आवळणारी नळीच चढवली पाहिजे.

या सगळ्याला जुन्या सवयींची जोड आहे, आणि नगरला त्या सवयींचा इतिहासही आहे. कायनेटिकची लूना १९७२ साली याच शहरातून बाहेर पडली. त्या काळच्या गाड्यांत पॉइंट घासायचे, प्लगची फट बघायची, वायर इंजिनाजवळ धरून निळी ठिणगी पाहायची, की निदान पुरं. हे ज्ञान पक्कं होतं आणि हातात मुरलेलं होतं. इंजेक्शनच्या गाडीवर मात्र तेच हात घात करतात.

चालू गाडीची प्लगची वायर उपटून 'करंट बघणं' घ्या. कॉइलमध्ये साठलेल्या ऊर्जेला बाहेर पडायला फट मिळाली नाही, की व्होल्टेज चढत जातं आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन किंवा ती चालवणारा ट्रान्झिस्टर फुटतो. ठिणगी बघायचीच असेल तर वायरीला जुना प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला पक्का टेकवावा. दुसरी सवय त्याहून वाईट: चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "अल्टरनेटर चार्ज करतोय का" ते बघणं. डायनॅमोच्या जमान्यात हे खपून गेलं. अल्टरनेटर भरात असताना त्याचा भार एकाएकी सुटला तर क्षणभर ४० व्होल्टच्याही वर उसळी येते आणि ती थेट ईसीएमच्या दारात जाते. मीटर लावला तर हेच उत्तर फुकट मिळतं. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. पंधराच्या वर दिसले तर कट-आउट बिघडलाय, आणि तो आधी बदलल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नये.

वायरमनच्या खिशातला टेस्ट लॅम्पही आता बेतानेच वापरावा. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. ईसीएमची सेन्सरची वाट मिलिअँपिअरच्या हिशेबाने बनवलेली असते. त्याउलट चांगल्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध दहा मेगाओहमच्या घरात असतो, म्हणजे तो वाटेतून जवळजवळ काहीच घेत नाही. आणि कॅरिअर किंवा जादा सीट वेल्ड करताना बॅटरीची निगेटिव्ह सोडवून, ईसीएमचा कपलर काढून ठेवायला मिस्त्रीला बजावलं पाहिजे. वेल्डिंगचा करंट परत जायची वाट स्वतः निवडतो, आपल्याला विचारत नाही.

गॅसकिटवाल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून मधे इम्युलेटर जोडलेला असतो, म्हणजे नवे जोड आले. शिवाय गाडी गॅसवर पळते म्हणून टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवायची पद्धत पडते. टाकीतला विजेचा पंप त्याच पेट्रोलने थंड राहत असतो. किट पंपाचा करंट तोडत नसेल, तर पंप कोरडा फिरतो आणि जळतो. मग एके दिवशी गॅस संपतो, चालक पेट्रोलवर टाकतो आणि गाडी भर घाटात उभी राहते. तोही "सेन्सर"च ठरतो.

आता एक मजेशीर योगायोग. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सला बाहेरच्या विद्युतचुंबकीय गोंधळाचा त्रास होतो का, हे तपासणाऱ्या देशातल्या मोठ्या सुविधांपैकी एक याच शहरात आहे. संरक्षण संशोधन संस्थेची व्हीआरडीई, म्हणजे वाहन संशोधन आणि विकास आस्थापना, नगरला आहे. लष्करी गाड्यांबरोबरच नागरी वाहनांना मान्यता देणाऱ्या अधिकृत चाचणी संस्थांतही तिचं नाव आहे. केंद्र सरकारच्या 'नॅट्रिप' प्रकल्पात देशभर चाचणी केंद्रं उभी राहिली, तेव्हा दिव्यांच्या आणि विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या चाचण्या तसंच चाचणी-मार्ग यांसाठी हेच केंद्र ठरलं. अशा चाचणीत गाडी लहरी शोषणाऱ्या शंकूंनी मढवलेल्या खोलीत उभी करतात, तिच्यावर रेडिओलहरींचा मारा करतात आणि इंजिन अडखळतं का ते पाहतात. गाडी स्वतः किती गोंधळ बाहेर सोडते, तेही मोजतात.

हा गोंधळ साध्या गॅरेजमध्येही तयार होतो. प्लगची प्रत्येक ठिणगी हा छोटा रेडिओ-प्रक्षेपकच. म्हणून प्लगच्या वायरी मुद्दाम काही हजार ओहम रोधाच्या केलेल्या असतात आणि प्लगच्या आतही रोध असतो. प्लगच्या नंबरात 'आर' हे अक्षर असतं ते त्याचंच, 'बीपीआर' मधलं. ते अक्षर नसलेला स्वस्त प्लग घातला किंवा "करंट चांगला जावा" म्हणून साध्या तांब्याची वायर लावली, तर ठिणगी झकास पडते. पण तिचा गोंगाट शेजारच्या क्रँक सेन्सरच्या वायरीत शिरू शकतो. ईसीएम क्रँकच्या चाकावर नसलेले दात मोजतो, ठिणगी चुकीच्या वेळी पाडतो, गाडी मिसिंग मारते. सेन्सर बदलूनही फरक पडत नाही, आणि पडणार तरी कसा?

तरीही कधीकधी ईसीएम खरंच गेलेला असतो. हा निकाल देण्याआधी फ्यूज, मेन रिले, ईसीएमला मिळणारे १२ व्होल्ट आणि त्याची अर्थ या चार गोष्टी तपासाव्यात. चारही ठीक असतील तर डबा उघडावा. फुगलेला किंवा पाझरलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो. त्याचा द्रव खालच्या तांब्याच्या रेघा खातो, त्या बारीक वायरीने पुन्हा जोडता येतात. मोठ्या पिनांभोवतीचा डाख वर्षानुवर्षांच्या गरम-थंड होण्याने तडकतो आणि भिंगाखाली काळं कडं दिसतं. पुन्हा डाख दिला की काम होतं. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल तर हेअर ड्रायरने बोर्ड हळूहळू तापवून दोष मुद्दाम उभा करता येतो. इंजेक्टर किंवा कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर जळला असेल तर तोही बदलता येतो. पण तो का जळला हे आधी शोधायला हवं. या गाड्यांच्या इंजेक्टरच्या कॉइलचा रोध बहुधा दहा ते सोळा ओहम असतो. तिघांपैकी एकाचा दोन-तीन भरला, तर तोच खरा गुन्हेगार. त्याला तसाच ठेवून दुसरा ईसीएम जोडला तर तोही पहिल्याच्या वाटेने जातो. भंगारबाजारातला ईसीएम घेताना वरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. गाडीला इमोबिलायझर असेल तर चावीची ओळख पुन्हा करून द्यावी लागते, नाहीतर स्टार्टर फिरतो आणि गाडी ढिम्म.

स्कॅनर नसला तर? बीएस-४ गाड्यांना २०१० पासून दोषनिदानाची ओबीडी सक्तीची झाली, पण देशात बऱ्याच ठिकाणी बीएस-३ गाड्या मार्च २०१७ पर्यंत विकता येत होत्या. त्यामुळे मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र जुन्या ओम्नीशी बोलेलच असं नाही. सुझुकीच्या जुन्या इंजेक्शन गाड्यांत मात्र निदानाच्या कपलरमधली ठरावीक पिन अर्थला जोडली, की चेक लाइटच लुकलुकून नंबर सांगतो. एकदा लुकलुक, थोडं थांबून दोनदा, म्हणजे बारा: दोष नोंदलेला नाही. पिन कुठली ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच जोडावी, चाचपडत नव्हे.

आणखी एक निदानपत्र प्रत्येक मालकाजवळ असतंच, फक्त ते घडी घालून डॅशबोर्डच्या खणात पडलेलं असतं: पीयूसीची पावती. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचा पीपीएम आकडा असतो. कार्बन मोनॉक्साइड चढला असेल तर पेट्रोल जास्त पडतंय, मग तापमानाचा आणि ऑक्सिजनचा सेन्सर, त्यांचे कपलर आणि अर्थ यांकडे वळावं. तो ठीक आणि हायड्रोकार्बनच भरमसाट असेल, तर एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर येतंय: प्लग, वायर, कॉइल. मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवल्या तर आकडा कधीपासून चढू लागला तेही कळतं. अट एवढीच, की नळी खरोखर तुमच्याच गाडीच्या सायलेन्सरमध्ये घातलेली असली पाहिजे.